साठावं दार

मोबाईल ठेवा खाली. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या सख्ख्या साडूची आहे. रंगारी माणूस. थापा मारायला निदान बोलावं तरी लागतं, तो तेवढंही बोलत नसे.

आपल्या गल्लीतली ही साठ घरं रेल्वेच्या कारकुनांसाठी बांधलेली, सगळी एका साच्याची. पुढे ज्याने त्याने हौसेने दारं रंगवली. मग गल्ली हेरिटेज झाली आणि नोटीस आली, की दारं मूळ रंगात हवीत. काम साडूला मिळालं. प्रत्येक दारावर नाण्याएवढी जागा धरायची, एकेक थर खरवडायचा आणि सगळ्यात खालचा रंग हेरिटेजच्या साहेबाला दाखवायचा. सगळीकडे हिरवा निघाला.

एकोणसाठ दारं झाली. त्याचं स्वतःचं राहिलं. ते पिवळं. त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेहुणीने, हौसेने रंगवलेलं, आणि दोन महिन्यांत ती गेली. हा रडला नाही. जेवायचा, कामाला जायचा. माझाच जीव तुटायचा. मी म्हटलं, साहेबाला सांगून एवढं एक दार वगळू.

"नियम सगळ्यांना सारखा," तो म्हणाला. "रंगच तर आहे."

अकरा डिसेंबर, गुरुवार. सकाळी साहेब येणार होते, म्हणून संध्याकाळी साडेसातला तो दार ओढून घेऊन पायरीवर बसला. घरात कोणी नव्हतं.

पिवळा थर निघाला. खाली पिवळाच. तिने दोन हात दिले असतील, त्याला वाटलं. आणखी खरवडलं. पिवळा. पुन्हा पिवळा... हिरवा येईना. लाकूडही येईना. खरवडायची पट्टी अर्धं बोट आत गेली.

बाहेर काढली. ओली होती.

ताज्या रंगाचा वास आला.

मग ऐकू आलं. दाराच्या आतल्या बाजूने कोणीतरी ब्रश फिरवत होतं. सावकाश. वर... खाली... वर...

"कोण?"

ब्रश थांबला.

...

पट्टी खाली ठेवून तो म्हणाला, "नाही काढत."

ब्रश पुन्हा सुरू झाला.

आठ वाजता मी पोचलो तेव्हा तो पायरीवर बसून हमसून हमसून रडत होता. ती गेल्यापासून वर्षात पहिल्यांदा. मी दार ढकललं. त्याच्या आतल्या बाजूला कधीच कोणी रंग दिला नव्हता, नुसतं लाकूड होतं.

आता ती बाजू पिवळी होती. ओली. माझ्या मेहुणीचा हात पोचायचा, तेवढ्याच उंचीपर्यंत.