कुबडी सुटेपर्यंत

दार चुकूनच तो माझ्या खोलीत शिरला. एक्स-रेची खोली शेजारी, आणि हा वॉकर टेकत थेट व्यायामाच्या गादीवर येऊन बसला!

"एक्स-रे पलीकडे," मी म्हटलं.

"आता बसलोय... तुमीच काय ते बघा की, मॅडम!"

हा विट्याचा राजवर्धन. सेलमला काकांच्या गलाईच्या दुकानात सोनं शुद्ध करायचा. यात्रेला गावी आला आणि मोटारसायकलवरून पडून नडगी मोडून बसला. विश्रामबागेत आमच्या हॉस्पिटलात हाडात सळी घालून ऑपरेशन झालं, आणि पुढचे व्यायाम करून घ्यायचं काम फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्या वाट्याला आलं.

"दुखतंय का?" गुडघा वाकवताना मी विचारायची.

"तुमी इचारलं की थांबतंय, स्वानंदी मॅडम."

असला चावट! मी डोळे वटारायची, आणि तो गेला की दिवसभर मनातल्या मनात हसत बसायची. आवडायला लागला होता मला. पण उपचार चालू असताना पेशंटशी असलं काही बोलायचं नाही, हा माझा हट्ट. ज्या दिवशी तो कुबडीशिवाय चालेल, त्या दिवशी मीच विचारणार – ठरवूनच टाकलं होतं.

हाड छान जुळलं. वॉकर गेला, दोन कुबड्यांची एक झाली. ती एक मात्र सुटेना! "अजून धीर हुईना," म्हणायचा. मी समजावलं, चिडले, माझंच काही चुकतंय का म्हणून सर्जनसरांनाही विचारलं. "पाय उत्तम आहे, चालायला लाव," ते म्हणाले.

तेवढ्यात वाईचं स्थळ आलं. बाबा सारखे विचारत, आणि मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले. कुणाच्या भरवशावर नाही म्हणायचं? शेवटी हो म्हटलं. सुपारी फुटली.

दुसऱ्या दिवशी राजवर्धनच्या हातावर पेढा ठेवला.

"कशाचा?"

"माझं लग्न ठरलं..."

तो पेढ्याकडे बघत राहिला. मग उठला, कुबडी भिंतीला टेकवली आणि दारापर्यंत सरळ चालत गेला. जरासुद्धा न लंगडता.

"हे... कधीपासून येतंय?"

"लय दिस झालं. बरा झालो की काका सेलमला बलवणार. मग तुमी कवा दिसणार? म्हणून..."

"अरे वेड्या, तू चालायचीच तर वाट बघत होते मी!"

पण बाबांनी वाईला शब्द दिला होता, आणि तो मोडायची हिंमत माझ्यात नव्हती.

"जिना उतरताना आधी दुखरा पाय टाका," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"पाय कुठं दुखतोय आता," म्हणाला आणि भराभर पायऱ्या उतरून गेला.

पुढच्या पेशंटला बाहेर थांबवून मी खूप रडले.