काचेच्या कारखान्यामागे

बसा जवळ. मोबाइल खिशात ठेवा, नाहीतर मी उठलो. आणि हिला थाप म्हणालात तर याद राखा. ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे.

तो पोलिसांच्या प्रयोगशाळेत मातीचा तपासनीस. बुटाला, टायरला चिकटलेली चिमूटभर माती बघून ती कुठली ते सांगायचं, हे त्याचं काम. सगळे त्याला मातीसाहेब म्हणतात. वहिनी म्हणते, "जगाच्या बुटांची माती ओळखतात, स्वतःची मात्र घरभर मिरवतात."

तर तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर, सतरा तारीख, रात्री साडेदहाची वेळ. मातीसाहेब आणि एक हवालदार जीपमधून मातीचा नमुना आणायला निघाले होते. एक बाई दोन महिने बेपत्ता होती. संशय नवऱ्यावर, पण प्रेतच नाही तर करता काय? सकाळी कोर्टातून तो सुटणार, हे सगळे धरून चालले होते. बाईचा भाऊ रोज प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर येऊन बसायचा. त्या संध्याकाळी त्यानं साहेबांचे हातच धरले.

"ती गेली हे कळतंय हो मला. पण कुठे आहे तेवढं सांगा. आईला काय सांगू?"

नवऱ्याच्या फावड्याच्या खाचेत पिवळी चिकणमाती सापडली होती, आणि तिच्यात वितळलेल्या काचेचे मणी, मोहरीएवढे. असे मणी काचेच्या कारखान्यामागेच पडतात. शहराबाहेर तसा एक बंद कारखाना होता. नवरा पूर्वी तिथे कामाला होता, हे त्याच दुपारी कळलं होतं.

कारखान्यामागे पोचल्यावर साहेबांनी गिरमिट काढलं, हातानं जमिनीत फिरवत न्यायचं लांब लोखंडी अवजार. मातीचे थर असतात, पोरांनो. तिथे वर काळी, मग तांबडी, खाली पिवळी. गिरमिटाला त्याच क्रमानं लागून येते. पण एकदा कुणी खड्डा करून बुजवला, की ती जन्मात पुन्हा आपापल्या जागी बसत नाही. पहिल्या भोकात थर नीट. दुसऱ्यातही. भिंतीजवळच्या तिसऱ्यात सगळी सरमिसळ.

साहेबांनी गिरमिट तिथेच रोवून ठेवलं.

"माणसं बोलावतो," हवालदार म्हणाला. "इथे रेंज नाही. रस्त्यापर्यंत जाऊन येतो."

"बॅटरी न्या. काचा आहेत सगळीकडे."

साहेब एकटे उरले. अंधार मिट्ट.

मागून कुणीतरी जाकीट ओढलं. खाली, कमरेपाशी.

"अहो, थांबा ना हवालदार…"

हवालदाराची बॅटरी लांब रस्त्यावर हलत होती.

पुन्हा ओढलं. हळूच. बाजारात लेकरू आईला ओढतं ना… तसं.

"कोण…?"

…

पाऊल नाही. श्वाससुद्धा नाही. नुसती ओढ. आणि तीही खड्ड्याकडे नाही. उलट्या बाजूला. दुसरीकडेच कुठेतरी…

साहेबांनी मान वळवली नाही. वळेचना.

मग ओढ सुटली.

पहाटे बाई सापडली. तिचा भाऊ आला आणि खड्ड्यापाशी मोकळं रडला. नवऱ्यानं गुन्हा कबूल केला. वर म्हणाला, "एवढंच. दुसरं कुणी नाही."

दुसऱ्या कुणाचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

साहेब घरी आले. जाकीट धुवायला घेताना वहिनी म्हणाली, "कुणाचं पोर खेळवत होतात रात्री?"

पाठीमागे, कमरेपाशी, हाताचा पंजा उमटला होता. इवलासा. पांढऱ्या मातीचा. कारखान्यामागे काळी, तांबडी, पिवळी. पांढरी कुठेच नाही.

साहेबांनी त्या बाईच्या भावाला बोलावून विचारलं. तो म्हणाला, "त्याची आधीची एक बायको होती म्हणतात. मुलाला घेऊन निघून गेली, असं तोच सांगायचा…"

तेव्हापासून माझा भाऊ सुट्टीच्या दिवशी गिरमिट घेऊन फिरतो. नदीकाठ झाले, खाणी झाल्या. पांढरी माती पुष्कळ मिळाली. तसली नाही. "मान वळवली असती तर निदान दिशा तरी कळली असती," म्हणतो, आणि जेवणावरून उठतो.

जाकिटावरून खरवडलेली ती माती बशीत आहे. मी स्वतः पाहिलीय. तपासाआधी माती भट्टीत वाळवतात. कसलीही असो, एका रात्रीत खडखडीत होते. ही पुन्हा पुन्हा घातली. तीन वर्षं झाली.

…

अजून ओली आहे.