वाऱ्यानं आणलेली चादर

आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही. सोलापूरच्या नवी पेठेतल्या चादरींच्या दुकानात बसून सांगतोय. दुकान आरोहीच्या वडिलांचं. ही गल्ल्यावर बसलीय ती आरोही. आणि समोर चहाचा कप धरून बसलाय तो कुर्डुवाडीचा अभिमन्यू. उद्या त्याचं जर्मनीचं विमान आहे. तर ऐका.

गेल्या वर्षी अभिमन्यू तिकडच्या विद्यापीठात जर्मन शिकायला गेला. शिकवणाऱ्या बाईंचा नियम कडक — मायबोली विसरा. पोरगा इतका आज्ञाधारक, की शिंकसुद्धा जर्मनमध्ये द्यायचा. मराठी उरली ती फक्त आईच्या फोनपुरती.

एका संध्याकाळी वसतिगृहाच्या गॅलरीत आईशी बोलून तो आत वळला, आणि असा वारा सुटला... पुलावरच्या एका म्हाताऱ्याच्या मिशा उडून दुसऱ्याला चिकटल्या. त्याच वाऱ्यानं वरच्या मजल्यावरची एक सोलापुरी चादर उचलली, नदीवरून फिरवून आणली आणि अलगद अभिमन्यूच्या गॅलरीत टाकली.

पाठोपाठ दारावर टकटक. दारात एक मुलगी. केस ओले, नजर थेट.

"माझी चादर वाऱ्यानं तुमच्याकडे आलीय," ती अगदी स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली.

अभिमन्यूनं वारा पाहिला नव्हता. पण ते डोळे पाहिल्यावर खात्री कोण करतो?

"छान आहे," तोही जर्मनमध्येच म्हणाला. "घडी घालू या?"

चादरीची घडी एकट्यानं होत नाही. दोघांनी टोकं धरायची, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकांजवळ यायचं... बोटांना बोटं लागतात, तेव्हा कुठे पहिली घडी पडते. सवयीनं अभिमन्यूनं काठ आत घेतले, मोराची नक्षी वर ठेवली, वर एक थाप मारली.

ती हसली. आणि मराठीत म्हणाली, "कुठल्या दुकानातला रे तू?"

"मामाचं हाय की, नवी पेठेत," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मग इतका वेळ जर्मन कशाला झाडत होतास?"

"तुमी चुका काढल्या न्हाईत, म्हणून..."

"काढल्या की. मनातल्या मनात."

त्यानंतर दर रविवारी ती चादर धुतली गेली, मळो न मळो. धुऊन धुऊन तिची मच्छरदाणी झाली. मग आरोहीचं शिक्षण संपलं, ती सोलापूरला परतली. त्याचं एक वर्ष बाकी राहिलं.

आता सुट्टीत मामाचं दुकान सोडून रोज या दुकानात येतो, रोज चादर घेतो. पण ओठावरचा प्रश्न काही बाहेर पडत नाही. म्हणतो, वाऱ्यानं झालेली ओळख. तेवढ्या ओळखीच्या भरवशावर कुणाला वर्षभर थांब कसं म्हणायचं? तर मंडळी, ही सगळी त्या वाऱ्याची करामत —

"खोटं आहे, आजोबा," गल्ल्यावरून आरोही म्हणाली.

मिशांचं म्हणतेस होय?

"मिशा राहू द्या. वारंच खोटं. पानसुद्धा हलत नव्हतं. खालच्या गॅलरीत कुणीतरी फोनवर म्हणालं, 'व्हय आई, जेवलो की.' महिनाभर रोज ऐकत होते. त्या दिवशी चादर सोडली... नेम धरून."

अभिमन्यूचा चहा कपातच राहिला.

आरोहीनं फळीवरची एक चादर ओढून उलगडली आणि दोन टोकं त्याच्यापुढे केली.

"धर. आणि काय विचारायचंय ते जवळ येताना विचार."