बस लेनमधले नव्वद सेकंद

"काय मोजताय एवढं?"

मी मान वर केली. दुभाजकाला लागून आखलेल्या नव्या बस लेनमध्ये एक बस सिग्नलला उभी होती आणि तिचा ड्रायव्हर खिडकीत कोपर टेकवून माझ्याकडे बघत होता. मी दुभाजकावरच बसले होते. खाली प्लास्टिकचं स्टूल, मांडीवर तक्ता, हातात घड्याळ.

"तुम्हालाच," मी म्हणाले. "किती वाजता आलात, किती सेकंद थांबलात, किती वाजता गेलात."

"बापरे... माझ्या आईनेसुद्धा एवढं लक्ष ठेवलं नव्हतं."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. कामाचा पहिलाच आठवडा होता. ड्रायव्हरांशी हसते म्हणून उगाच नाव व्हायला नको. दिवा हिरवा झाला, तो गेला आणि मी तक्त्यात त्याच्या गाडीच्या नंबरापुढे पंचवीस सेकंद लिहिले.

लेन ठेवायची की पुसून टाकायची, हे आमच्या तीन महिन्यांच्या मोजणीवर ठरणार होतं. मोटारवाले चिडलेले होते. त्यांच्या तीन लेनच्या दोन झाल्या होत्या, आणि कोंडीत अडकले की ते काच खाली करून मलाच शिव्या घालायचे, जणू लाल रंगाचा डबा घेऊन तो पट्टा मीच ओढला होता. बसचा वेळ वाचतोय असं दिसलं तर लेन राहणार होती. नाही दिसलं तर लेन जाणार, आणि तिच्यासाठी कंत्राटावर घेतलेले साठ ड्रायव्हर घरी बसणार. हा त्यांच्यातलाच एक.

माझंही काही पक्कं नव्हतं. काम चोख झालं तर कायम करतो, असं साहेब म्हणाले होते. घरी बाबा अर्धांगवायूने खाटेला खिळलेले, आणि आईला त्यांना सोडून हलता येत नव्हतं. ही नोकरी टिकायलाच हवी होती.

त्याच्या दिवसाला चार फेऱ्या व्हायच्या. लाल दिवा नव्वद सेकंदांचा. एवढ्यात माणूस बोलून बोलून काय बोलणार? पण आम्ही बोलायचो. तो खिडकीतून सोललेलं अर्धं संत्रं द्यायचा, बिया मला दुभाजकावर टाकवत नसत म्हणून मी त्या मुठीत धरून बसायचे. एकदा भुरभुर पाऊस लागला, तर त्याने अंगातला रेनकोट काढून माझ्या तक्त्यावर टाकला.

"आणि मी भिजले तर?"

"तुम्ही वाळाल. आकडे वाळत नाहीत."

दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "मोजणीबाई, डोळे सुजलेत."

"झोप नाही झाली. बाबांचा खोकला..."

"मग घ्या इथेच डुलकी. मी आलो की हॉर्न देईन."

"आणि बाकीच्या बस?"

"त्या काय मोजण्यासारख्या आहेत?"

मी खाली बघून उगाचच तक्त्यावर रेघ मारली. कान तापले होते. त्या रात्री आई म्हणाली, आज तू गुणगुणतेयस, आणि मी कानावर हात ठेवले.

दुसऱ्या महिन्यात माझ्या लक्षात आलं. दिवा हिरवा असला तरी त्याची बस लांबून रमतगमत यायची आणि नेमकी लाल होता होता रेषेवर येऊन उभी राहायची. तो मुद्दाम हिरवा दिवा चुकवत होता. माझ्यासाठी कुणी एवढी मोठी बस थांबवतंय, या विचाराने मी हुरळून गेले. मागे बघायला हवं होतं. त्याचाच तर मला पगार मिळत होता. लेन एकच, तिच्यात पुढे काढायला जागा नाही, त्यामुळे तो थांबला की मागच्या चार बस माणसांनी भरलेल्या तशाच उभ्या राहायच्या. मी ते सगळं इमानेइतबारे लिहीत गेले. आकड्यांत मी कधी खोटं केलं नाही.

तीन महिने संपत आले तेव्हा साहेबांनी बेरजा मांडल्या.

"वेळ वाचलेलाच नाही," ते म्हणाले. "तुमच्या चौकात तर वाढलाय. लेन पुसायला सांगतो."

मी माझेच तक्ते घरी नेऊन पुन्हा चाळले. त्याची सुट्टी असायची त्या दिवशी बस सरसर निघून गेलेल्या. तो असेल त्या दिवशी चार वेळा खोळंबा, चारही त्याच्या वेळेला.

सकाळी तो आला तसा मी त्याला सांगितलं. बोलता बोलता मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं, ते मला नंतर कळलं. "लेन जातेय. आपल्यामुळे. तू थांबायचास म्हणून."

त्याचा चेहरा उतरला. "साठ जण?"

"साठ."

दिवा हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले.

"संध्याकाळी ऑफिसात येतो," तो म्हणाला.

"सांगितलंस तर तुला काढतील."

"नाही सांगितलं तर सगळ्यांनाच."

संध्याकाळी साहेबांनी त्याच्यापुढे कोरा कागद सरकवला. त्याने उभ्यानेच लिहिलं. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला आणि कागद माझ्याकडे दिला. "तुमच्या चौकाचं आहे. वाचा आणि खरं असेल तर खाली सही करा."

"मी हिरवा दिवा असूनही बस मुद्दाम हळू चालवत होतो. त्या चौकात मोजणी करणाऱ्या बाई मला आवडतात आणि लाल दिव्यालाच त्यांच्याशी बोलता येतं. यात लेनचा दोष नाही. बाईंना यातलं काहीही माहीत नव्हतं."

तीन महिन्यांत त्याने मला हे एकदाही म्हटलं नव्हतं. आवडतात, हा शब्द मी वाचला तो साहेबांच्या नावाने लिहिलेल्या कागदावर. आणि त्याच कागदातलं शेवटचं वाक्य खोटं होतं.

"माहीत नव्हतं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने मान अगदी जराशी हलवली... नाही म्हण. माहीत होतं म्हटलं असतं तर माझी मोजणी रद्द झाली असती, आणि मग लेनही गेली असती. पण खरं सांगते, त्या क्षणी मला ते साठ जण आठवले नाहीत. मला बाबांची खाट आठवली.

"नव्हतं माहीत," मी म्हणाले आणि सही केली.

"मग तक्त्यातल्या याच्या खोळंब्याच्या ओळी बेरजेतून वगळू," साहेब म्हणाले. "लेन राहील. तुम्ही मात्र उद्यापासून येऊ नका." हे त्याला.

मी जिन्यात त्याला गाठलं. तो थांबला, पण वळला नाही.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "तू थांबायचास ते... मला हवं असायचं. मी वाट बघायचे."

"ठाऊक आहे." तो म्हणाला. "म्हणून तर तसं लिहिलं."

त्याने खिशातून किल्ल्या काढल्या, बसच्या त्या, आणि परत करायला माझ्या हातात ठेवल्या. मग "जातो" म्हणाला. येतो म्हणाला नाही. मी किल्ल्या घेऊन वर गेले आणि साहेबांच्या टेबलावर ठेवल्या.