मागच्या दाराचा दिवा

कंदील बारीक करा रे, रॉकेल काय आभाळातून पडत नाही. आणि भीती वाटली तर गुपचूप घोंगडी ओढून घ्यायची, मला मध्ये थांबवायचं नाही.

भिंगारचा नूरमहंमद मिस्त्री माझ्या चांगल्या ओळखीतला. मोटारीच्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या नगरात कोणी नव्हता. चार वर्षं झाली या गोष्टीला. चव्वेचाळीस सालचा पौष, अमावास्येची आदली रात्र, सोमवार. साडेदहाला त्याला पारनेरहून निरोप आला. बायको शरिफा पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली. दोन दिवस कळा देत होती आणि आता सुईणीनंही हात टेकले होते. पहाटेच्या आत नगरच्या दवाखान्यात आणली नाही तर ती वाचत नव्हती.

गॅरेजात चालती गाडी एकच होती, आबासाहेब नावाच्या एका बागायतदारांची. तिचं दुखणं किरकोळ होतं. दार उघडलं की आत लागणारा छोटा दिवा दार लावलं तरी विझायचा नाही, आणि रातोरात बॅटरी खाऊन टाकायचा. आबासाहेबांची सून वर्षामागे याच गाडीतून बाळंतपणासाठी नगरला निघाली होती. वाटेतच गेली बिचारी. बिघाड तेव्हापासूनचा. नूरमहंमदला त्या घाईत यातलं काही आठवलं नाही. गाडी काढली आणि निघाला.

भाळवणीच्या पुढे हेडलाइट पिवळे पडायला लागले. गाडी वाटेत बंद पडली तर शरिफा संपली, एवढंच त्याच्या डोक्यात. इंजिन चालू ठेवून तो खाली उतरला. दाराच्या चौकटीत एक बटण असतं, दार लागलं की ते दबतं आणि दिवा विझतो. चारही बटणं त्यानं पॉलिश पेपरनं घासली, अंगठ्यानं दाबून पाहिली. ठणठणीत. वायरही ठीक. तरी दिवा जळतोच आहे, मागचं दार कुणीतरी उघडं धरल्यासारखा. वैतागून तो बॉनेटकडे वळला, आणि दिवा आपोआप विझला. त्यानं मागचं दार उघडलं, दिवा लागला. लावलं, विझला. दोष सापडला नव्हता, पण काम झालं होतं. मिस्त्री माणसाला एवढं पुरतं.

पारनेरला पोचला तेव्हा साडेबारा झाले होते. त्यानं गाडी दाराशी लावली, मागचं दार उघडून ठेवलं आणि पुढं जाऊन समोर तोंड करून बसला. अडलेल्या बाईकडे, ती स्वतःची बायको का असेना, सासूदेखत पाहायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत. दार लागलं, दिवा विझला, की बाई बसली असं समजायचं आणि निघायचं.

मागं कण्हणं आलं. गादीच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. दार लागलं. दिवा विझला.

त्यानं गाडी सोडली. मागून बायकांचा ओरडा ऐकू आला. त्याला वाटलं, रडतायत.

"शरिफा, धीर धर. पोचतोच हाय आपन."

कण्हणं चालूच.

"अम्मा, तिचा हात धरा."

मागं नुसतं कण्हणं... चार मैल गेले. पाच गेले. मग कण्हणं थांबलं. अगदी मानेजवळ बाईचा आवाज आला.

"आता तरी पोचू ना?"

तो आवाज शरिफाचा नव्हता. सासूचाही नव्हता...

नूरमहंमदनं मागं पाहिलं नाही. तोंडातल्या तोंडात तो कलमा म्हणत राहिला. भाळवणी गेली... नगरच्या वेशीवरचा दिवा दिसला... दवाखान्याचं फाटक आलं.

नर्स धावत आली. तिनं मागचं दार उघडलं. दिवा लागला.

"पेशंट कुठंय?"

गादी रिकामी होती.

तो तसाच मागं फिरला. पारनेरला पोचला तेव्हा पहाटेचे साडेचार झाले होते. सासू, मेहताबबी, उंबऱ्यात बसली होती. आत शरिफावर चादर ओढलेली.

"येक पाय आत ठिवायला उचलला हुता तिनं," मेहताबबी म्हणाली. "तेवढ्यात दार लागलं आन् तू गाडी हाकलीस. लई हाका मारल्या रं."

तो तिथंच अंगणात खाली बसला.

दफन उरकून चौथ्या दिवशी तो गाडी परत करायला निघाला. सहज मागं नजर गेली. मागच्या गादीवर शेजारी शेजारी दोन खळगे पडले होते, दोन बायका टेकून बसाव्यात तसे. त्यानं गादी उसवून पाहिली. स्प्रिंगा धड होत्या. त्यानं नवी गादी बसवली.

सकाळी तिच्यावरही दोन होते.