पेढे वाटले, पण…

डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं, जखम बरी झाली. मग माझ्या दादानं माझं यंत्रकासव, ठकी, भिंतीवर का आपटलं?

बिचाऱ्या ठकीनं काय केलं होतं? चार्जिंग संपत आलं म्हणून पीं-पीं केलं, एवढंच! मी भयंकर चिडले. "नाटकं करतोस तू! डोकं कधीच बरं झालंय तुझं!" तेरा वर्षांचा घोडा, पण दादा मुसमुसून रडायला लागला.

पाच महिन्यांपूर्वी दादा, म्हणजे आमचा श्रीरंग, मल्लखांबावरून डोक्यावर पडला. अकरा दिवस दवाखान्यात होता. घरी आला तेव्हा आईनं पेढे आणले आणि कॉलनीतल्या चौदा घरांत मीच वाटले. "दादा बरा झाला!" दर दारात ओरडले. झालं! तेव्हापासून त्याला आजारी राहायची सोयच उरली नाही. शाळा चुकवली की आळशी, चिडला की उद्धट. आता तर बाबांनी ठरवलं होतं, सोमवारी त्याला वसतिगृहात सोडायचं.

रविवारी आजोबा आले. आईचे बाबा; आयुष्यभर मेंदूवर संशोधन केलेले. त्यांनी पिशवीतून जाळीची टोपी काढून दादाला घातली. समोरच्या भिंतीवर दादाचा मेंदू उमटला, उजळत-विझत.

"कवटी जुळली, सई. पण आतले हे मज्जातंतू (निरोप वाहून नेणारे बारीक धागे) बघ. डोकं आदळलं तेव्हा मेंदूला हिसका बसला. धागे ताणले गेले, काही तुटले."

तेवढ्यात मोडकी ठकी पीं-पीं करायला लागली. भिंतीवर खोल आतला एक ठिपका भडकला.

"हा भीती आणि रागाचा भाग," आजोबा म्हणाले. "तुझाही भडकतो. पण कपाळामागचा भाग लगेच सांगतो, अगं, कासव आहे ते! याच्याकडे तो निरोप उशिरा पोचतो."

"आणि रडणं?"

"थोडं धाग्यांमुळे. बाकीचं त्यालाच विचार."

दादा खाली बघत म्हणाला, "मल्लखांब दिसला तरी हात थरथरतात. मित्र येत नाहीत. आणि तुम्ही सगळे म्हणता, बरा झालास. मग मला हे काय होतंय? मी वाईट झालोय का गं?"

बाबा दारात उभे होते. त्यांनी वसतिगृहासाठी भरलेली बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात ठेवायला लागले.

"यावर उपाय आहेत," आजोबा म्हणाले. "समुपदेशक (मनातलं ऐकून मार्ग शोधायला मदत करणारी व्यक्ती), भरपूर झोप, सध्या अर्धीच शाळा. लागलं तर औषध."

"मी पूर्वीसारखा होईन?"

आजोबांनी टोपीची घडी घालून ती पिशवीत ठेवली. "अगदी तसाच होशील का, मला माहीत नाही, बाळा. पण आजच्यापेक्षा बरं वाटेल."

"दादा, सगळ्यांना सांगू?" मी विचारलं. त्यानं होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी मी पुन्हा निघाले. या वेळी हातात पेढे नव्हते. "दादा अजून बरा झालेला नाही," दर दारात सांगितलं. सहाव्या दारात रडूच फुटलं. ते दादाच्या मित्राचं, ओजसचं घर.

"मी जाऊ त्याच्याकडे? नुसता बसेन," म्हणत त्यानं चपला घातल्या.

उरलेली आठ घरं करून परतले, तर दोघं गॅलरीत बसले होते. दादा ठकीचा पाय चिकटवत होता. आणि ओजसनं तिचं पीं-पीं दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं.