एकदाच विचारणारा मुलगा

या, जरा जवळ सरकून बसा. देवाचं नाव घेऊ आणि सुरू करू. गोष्ट लहानशी आहे, प्रेमाची आहे. अशी गोष्ट खरं तर गाऊनच सांगायची, पण नुसती बोलूनही गोड लागेल, माझा शब्द!

ब्रेमेनमध्ये तेव्हा भुरभुर पाऊस लागून राहिला होता. जॉर्डनमधल्या सल्त गावची लुजैन तिथल्या विद्यापीठात नुकतीच शिकायला आली होती. डोक्यावरचा ओला रुमाल सावरत ती विभागाच्या छोट्या स्वयंपाकघरात शिरली, तर खिडकीपाशी एक मुलगा डबा उघडून बसलेला. ऑलिव्हच्या तेलात माखलेली गरम रोटी, वर तीळ आणि रानओवा... आईच्या ओट्याचाच वास!

"घेतेस?" त्याने अरबीतच विचारलं. डोळे मोठे हसरे होते.

"नको, नको. पोट भरलंय माझं."

"बरं," तो म्हणाला — आणि त्याने डब्याला झाकण लावलं!

लुजैन बघतच राहिली. सकाळपासून पोटात नुसता चहा होता. तिच्या गावात पहिलं 'नको' सभ्यपणाचं, दुसरं लाजेचं, आणि तिसऱ्या आग्रहाला हळूच हात पुढे करायचा. पण हा तर...

"कुठला रे तू?"

"जॉर्डनचाच, इर्बिदचा. बिशर नाव."

"थापा मारू नकोस. इर्बिदचा माणूस एकदाच विचारतो होय?"

तो खळखळून हसला. "आठ वर्षं झाली इथे. पहिल्या वर्षी घरमालकीणबाई विचारायच्या, मी लाजून नको म्हणायचो, आणि त्या खुशाल ताट उचलून न्यायच्या! उपाशी राहून राहून शहाणा झालो. भूक असली तर हो, नसली तर नको. किती सोपं!"

"सोपं नाही, कोरडं आहे."

"मग... भूक लागलीय?"

तिने ओठ दाबून धरले. पोटाने मात्र दगा दिला आणि मोठ्याने गुरगुरलं.

"...हो."

झाकण उघडलं. गोष्टही तिथेच उघडली म्हणा.

मग रमजानचे उपवास आले, तेव्हा बिशर रोज संध्याकाळी उपास सोडायला खजूर आणायचा. विचारायचा मात्र एकदाच. 'हो' म्हणायची लुजैनला इतकी सवय झाली, की ती त्याच्याआधीच हात पुढे करू लागली. "हावरट!" तो म्हणायचा. "तूच शिकवलंस," ती म्हणायची, आणि उगाचच खिडकीबाहेर पाहायची.

बिशरची शिष्यवृत्ती संपली. करार असा, की इर्बिदला परत जाऊन शिकवायचं. जायच्या आदल्या संध्याकाळी दोघं नदीकाठी उभी होती. छत्री एकच होती, आणि ती बरीचशी तिच्याच डोक्यावर.

"लुजैन... माझ्याबरोबर येशील? म्हणजे — माझ्या घरच्यांना तुझ्या घरी पाठवू?"

तिच्या तोंडातून आलं, "नको, बिशर."

ते 'नको' सभ्यपणाचं नव्हतं, लाजेचंही नव्हतं. भीतीचं होतं. सुट्टीत ती घरी गेली होती, तेव्हा मावशी सहज बोलून गेली होती, "आमची लुजैन आता पाहुणीच!" मैत्रिणींच्या विनोदांवर ती क्षणभर उशिरा हसत होती. इथे परकी, आणि तिथेही परकी झाले तर... जायचं कुठे?

"बरं," तो म्हणाला. छत्री तिच्या हातात दिली आणि भिजत निघून गेला. दुसऱ्यांदा त्याने विचारलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात लुजैनचं शिक्षण संपलं. ब्रेमेनमधली नोकरी तिच्यासाठी राखलेली होती. हो की नाही, ते ठरवायला ती सल्तला आली, आणि पावलोपावली चुकू लागली. लग्नाला वेळेवर जाऊन रिकाम्या खुर्च्यांत बसली. "तू हल्ली हिशेबी झालीस," आई कुरकुरली.

एका दुपारी दारात एक जाडजूड, प्रसन्न बाई आली. हातात घरच्या ऑलिव्ह तेलाचा डबा. उम्म बिशर — बिशरची आई! लुजैनने आतून गरम कुनाफा आणला. पाकात निथळणारा, उचलताच चीजच्या तारा निघणारा गोड पदार्थ.

"घ्या ना, खाला."

"नको गं पोरी, आत्ताच जेवून निघाले."

"बरं," लुजैन म्हणाली — आणि ताट उचलून आत निघाली!

आईने कपाळावर हात मारला. आणि उम्म बिशर? पोट धरधरून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या.

"अगं, अगदी आमच्या बिशरसारखी! परत आला आणि त्याच्या काकांना असंच उपाशी पाठवलं. काका अजून बोलत नाहीत! रोज काहीतरी चुकतो बिचारा, आणि एकटाच हसतो." मग ती हळूच म्हणाली, "मला ताकीद दिलीय, तिला काही विचारायचं नाही. ती नको म्हणालीय. म्हणून मी नाहीच विचारत हं. तू आल्याचं कळलं, म्हणून मी आपली तेल द्यायला आले. तो खाली गाडीत बसलाय."

लुजैन ताट घेऊन तशीच खाली गेली. गाडीच्या काचेवर भुरभुर पावसाचे थेंब साचले होते. तिने बोटाने टकटक केलं. काच खाली आली. तेच हसरे डोळे, जरा थकलेले.

"घेतोस?"

"हो," तो लगेच म्हणाला.

ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज ओला झाला. "बिशर, तेव्हाचं 'नको' खरं होतं. घरी परतायची भीती होती... तुझी नाही. अजूनही आहे. पण चुकायचंच असेल, तर एकट्याने कशाला? — माझ्याशी लग्न करशील? हे बघ, आपल्या रीतीप्रमाणे मी तीनदा विचारीन..."

"एकदाच पुरे," तो म्हणाला. "हो."

वर खिडकीत दोन आया कधीच्या उभ्या होत्या, हे त्यांना फार उशिरा कळलं.

देव त्या दोघांचं भलं करो, आणि परदेशातून घरी परतणाऱ्या साऱ्यांना घर पुन्हा घर वाटो. पण माझी एक विनंती आहे. पुढच्या वेळी ताटात काही गोड पडेल, तेव्हा त्या उम्म बिशरची आठवण ठेवा. कुनाफा सगळा गाडीतच संपला. त्या माउलीच्या वाट्याला घासभरही आला नाही.